अर्थ नाही

हळदोण्याच्या इश्पेरांस बाईंचा फ्रिज
गेली नऊ वर्षं चावतो.
म्हणून त्याच्यापुढे फळी, फळीवर रबरी सपाता.
देवळात आपण काढतो
तशा बाई दुधाला हात घालण्याआधी त्या घालतात.

"सवय जाल्या रे," म्हणाल्या.
या धंद्यात मी हा शब्द फार ऐकला.
स्विच तापतो, सवय आहे.
भिंत ओली असली की तिला टेकायचं नाही, सवय आहे.
गीझर लावला की पंखा मान टाकतो,
मग एकाची आंघोळ होईतो बाकीच्यांनी उकडून घ्यायचं.

मी मेन पाडला.
सायबिणीपुढचा तांबडा बल्ब
खात्याशिवाय पहिल्यांदाच कुणी विझवला.
बाईंनी मेणबत्ती लावली नि स्टुलापाशी उभ्या राहिल्या.
म्हापशाच्या एक्स्चेंजात तीस वर्षं
लोकांच्या हाका त्यांनी
या भोकातून काढून त्या भोकात खोवलेल्या.
तारेचं भय त्यांना नाही,
पलीकडे कोण आहे तेवढं कळलं पाहिजे.

वर वाशाला सागवानी पट्टी,
वीतवीतभर अंतरावर पितळी चिमटे,
त्यांत शेजारी शेजारी निजलेल्या सुती अंगाच्या दोन तारा.
बोट लावलं तर रबर पापडासारखं मोडतं.
एका जागी उंदीर तांब्यापर्यंत खात गेला होता
आणि तिथंच राहिला होता.
चिनीमातीच्या फ्यूजात तारेऐवजी
सिगारेटच्या पाकिटाची चांदी.
"भाऊ आयिल्लो लिस्बनाहून," बाई म्हणाल्या,
"पत्त्यांचा डाव अर्ध्यावर होता."

मग बोर्ड उतरवला.
लाकडाच्या पाठीवर,
जिथं भिंतीशिवाय कुणी वाचणार नव्हतं,
जाड पेन्सिलीनं:

चार दिवे, एक रेडिओ.
अर्थ नाही.
स. वि. चारी, १९७१.

बाबांचा च असाच, पोट सुटलेला.

शाळेत गुरुजींनी कवितेचा अर्थ विचारला तेव्हा
मी म्हणालो होतो, उघडी तार, जमिनीत जाते.
वर्ग हसला.
पैशालाही अर्थच म्हणतात
हे मला पहिल्या कर्जाच्या वेळी कळलं.
बाबा कवी नव्हते.
बाईंच्या पप्पांना तांब्याचा पत्रा परवडला नाही,
तेवढंच लिहिलं असणार.
तरी मी स्टुलावर बराच वेळ बसून राहिलो.

बाईंनी चष्मा लावून वाचलं.
"कोणाचें तें?"
"आमच्या बाबांचं."
"मागीर तुवें इतलो वेळ कित्याक लायलो?"

परसात बिंबलीपलीकडे खड्डा.
चिऱ्यानं दोन दिवस पहारीला दाद दिली नाही.
खाली पत्रा, त्यावर करवंट्यांचा कोळसा, आगरचं जाडं मीठ,
पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.
"ही तर तोरांची चेपणी," बाई म्हणाल्या
आणि मीठ कमी पडतंय म्हणून बरणी घेऊन आल्या.
वर नरसाळं ठेवलं.
एप्रिल-मेत आठवड्याला कळशीभर पाणी, विसरायचं नाही.

नव्या पेटीला पेन्सिल चालत नाही.
म्हणून ती बसवण्याआधी मी भिंतीवर लिहिलं:
बावीस पॉइंट. अर्थ एक पूर्णांक आठ ओहम.
खाली आम्हा दोघांची नावं, वर्षं वेगळी.

पेटीवर एक छोटं बटण आहे.
दर महिन्याला दाबायचं, मी सांगितलं.
बाईंनी लगेच दाबलं.
टक.
सगळं घर काळोखात, आणि बाई हसतायत.
माणसाला जाणवेल न जाणवेल इतक्या गळतीला
ही पेटी हात काढून घेते.
बाबा उलट्या बोटांनी तार चाचपायचे,
त्यांना पटलं नसतं.

फळी मी स्वतः उचलून कोठारात टाकली.
आठवड्यानं पैसे न्यायला गेलो
तर बाई फ्रिजसमोर,
फळी नाही,
सपाता आहेत.
माझ्याकडे न बघता त्यांनी दूध काढलं.
"च्या घेतलो मरे?" म्हणाल्या.